आधी नवं लावा, मग जुनं काढा

जुनी सेवा बंद करायची असेल, तर नवी सेवा काही काळ तिच्या शेजारी चालवून दाखवावी. लोक दोन्ही पाहतील, तुलना करतील, तक्रारी करतील. त्या तक्रारी मिटल्या की मगच जुन्याचं बटण बंद करावं. टीव्हीच्या बाबतीत बहुतेक देशांनी हीच रीत पाळली. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल प्रक्षेपण एकाच वेळी चालू असतं, तो काळ प्रेक्षकाच्या हक्काचा असतो. धाराशिव जिल्ह्याला हा काळ हवेतून मिळालाच नाही. केबलच्या तारेतून मिळाला, तो मनस्ताप देऊन गेला.

यादीत नाव नव्हतं

फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रातली दोनच नावं त्यात होती, मुंबई आणि औरंगाबाद. मराठवाड्याला एक मनोरा मिळाला ही चांगलीच गोष्ट. पण आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिव दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मोठ्या मनोऱ्याची मजल साठ-सत्तर किलोमीटरची. पुढे पृथ्वीची गोलाई आड येते, आपल्याकडे त्यात बालाघाटचे डोंगरही असतात. त्या यादीतून परंडा, भूम, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा, तुळजापूर आणि खुद्द धाराशिव यांच्या पदरात काही पडलं नाही.

जानेवारी 2017 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मनोऱ्यावरच्या डिजिटल टीव्हीसाठी शिफारशी दिल्या. आधी महानगरं, मग दहा लाखांवरची शहरं, मग उरलेला देश, असे तीन टप्पे आखले आणि 2023 अखेरपर्यंत सगळं पूर्ण करायला सांगितलं. आपण तिसऱ्या टप्प्यातले. तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाने वाट पाहायची असते. आपण पाहिली.

मग ऑक्टोबर 2021 मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं की अ‍ॅनालॉग मनोऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के बंद झाले आहेत. 31 ऑक्टोबरपर्यंत 152, 31 डिसेंबरपर्यंत आणखी 109 आणि 31 मार्च 2022 पर्यंत उरलेले सगळे बंद होणार होते. सामरिक महत्त्वाची सुमारे 50 केंद्रं तेवढी वगळली होती.

निर्णयामागची कारणं खरी आहेत. अँटेनावर टीव्ही पाहणारी घरं कमी झाली होती, मनोऱ्याचं वीजबिल आणि मनुष्यबळ परवडत नव्हतं, जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नव्हते. माझा आक्षेप बंद करण्याला नाही. जुनं काढायची तारीख पाळली गेली, नवं लावायची पाळली गेली नाही, याला आहे.

ज्यांची हवा गच्च भरली होती, त्यांनी जागा काढली

दोन्ही प्रक्षेपणं एकाच वेळी चालवणं सोपं नसतं. अ‍ॅनालॉग वाहिनीची ताकद चित्राच्या आणि आवाजाच्या वाहक लहरींवर एकवटलेली असते. डिजिटल लहर मात्र आपल्याला मिळालेल्या पूर्ण पट्ट्यात सारखी पसरते. शेजारच्या पट्ट्यातली जोरकस डिजिटल लहर अ‍ॅनालॉग संचाला नुसत्या खरखरीसारखी भासते. चित्रावर मुंग्या वाढतात, घरच्यांना वाटतं अँटेना हलला, आणि कोणीतरी गच्चीवर चढतं. उलट बाजूने अ‍ॅनालॉगची एकवटलेली लहर डिजिटलचा काही भाग खाऊन टाकते. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, पण तिला मर्यादा आहे.

म्हणून ब्रिटनने काय केलं? 1998 मध्ये डिजिटल सुरू केलं, पण मुद्दाम कमी ताकदीवर, म्हणजे जुन्या प्रेक्षकाचं चित्र बिघडू नये. 2007 मध्ये व्हाइटहेवन या गावापासून अ‍ॅनालॉग बंद करायला घेतलं. एकेका भागातलं जुनं बंद होईल तशी तिथल्या डिजिटलची ताकद वाढवत नेली. 24 ऑक्टोबर 2012 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शेवटचा मनोरा बंद झाला. दोन्ही सेवा शेजारी-शेजारी चालण्याला चौदा वर्षं दिली. अमेरिकेने अ‍ॅनालॉग बंद करण्याची फेब्रुवारी 2009 ची तारीख लोकांची तयारी नाही हे पाहून 12 जूनपर्यंत पुढे ढकलली. डिजिटल डबा घेता यावा म्हणून घरटी 40 डॉलरची दोन कुपनं दिली.

या देशांत हवा गच्च भरलेली होती. अनेक वाहिन्या आणि त्यांचे शेकडो छोटे मनोरे यांच्यातून डिजिटलसाठी फट शोधावी लागली. आपल्याकडे मनोऱ्यावरून टीव्ही दाखवण्याचा अधिकार फक्त दूरदर्शनला. बहुतेक ठिकाणी एक राष्ट्रीय वाहिनी, फार तर जोडीला दुसरी. बाकी पट्टा मोकळा. दोन्ही प्रक्षेपणं एकमेकांच्या पायात न येता चालवणं जगात कुठे सोपं असेल, तर धाराशिवसारख्या जिल्ह्यात होतं. तांत्रिक अडचण नव्हती. प्राधान्य नव्हतं, एवढंच.

मुंग्या गेल्या, चौकोन आले

अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू बिघडतं. आधी मुंग्या, मग सावली, मग आडव्या रेषा. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की पडद्यावर पट्टे उमटायचे, हे या जिल्ह्यातल्या माझ्या पिढीला सांगायला नको. पण चित्र कितीही वाईट असलं, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलचं तसं नाही. लहर पुरेशी असेल तोवर चित्र स्वच्छ, आणि ती एका पातळीखाली गेली की आधी चौकोन, मग गोठलेला चेहरा, मग ‘नो सिग्नल’. मधलं काही नाही.

म्हणून डिजिटलमध्ये काठावरच्या घराचं नुकसान सर्वांत जास्त होतं. मुंग्यांमधून का होईना, पण पाहणारं घर एका रात्रीत शून्यावर येतं. दोन्ही प्रक्षेपणं सोबत चालतात, तेव्हा अशी घरं सापडतात. कुठे छोटा मनोरा हवा, कुठे अँटेना बदलायला मदत हवी, हे कळतं. तो काळच वगळला, तर काठावरची घरं कोणाच्या कागदावर येतच नाहीत.

एका तारेत दोन संसार

हवेत जे घडलं नाही, ते केबलमध्ये घडलं. 2011 च्या दुरुस्ती कायद्याने देशातलं केबल चार टप्प्यांत डिजिटल करायचं ठरलं. सोलापूर आणि औरंगाबाद दुसऱ्या टप्प्यात, 31 मार्च 2013 पर्यंत. धाराशिवसारखी शहरं तिसऱ्या टप्प्यात, 31 डिसेंबर 2015 पर्यंत. खेडी चौथ्या टप्प्यात, आणि मुदती वाढत वाढत ती तारीख 31 मार्च 2017 वर आली. या मधल्या काळात केबलवाल्याच्या एकाच तारेतून दोन्ही संकेत धावत होते. बॉक्स घेतलेल्याला डिजिटल, न घेतलेल्याला अ‍ॅनालॉग.

तुळजापूरच्या नवरात्रात एकाच खांबावर दोन कर्णे बांधले आणि एकाचा आवाज चढवला, की दुसऱ्यावरची घोषणा कळेनाशी होते. तारेतही तेच झालं. अ‍ॅनालॉग वाहिन्या जास्त ताकदीवर ठेवाव्या लागतात, डिजिटल कमी ताकदीवर चालतात. नियंत्रण कक्षापासून शेवटच्या घरापर्यंत पाच-सात अ‍ॅम्प्लिफायर एकामागे एक लागलेले. प्रत्येकावर क्षमतेपेक्षा जास्त भार पडला, की अ‍ॅनालॉग वाहिन्या एकमेकींत मिसळून नको त्या लहरी तयार करतात आणि त्या डिजिटलच्या पट्ट्यात जाऊन बसतात. ग्राहक म्हणतो, चित्र तुटतंय. केबलवाल्याचा पोरगा शिडी लावून खांबावर चढतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा जोर वाढवतो. चित्र आणखी तुटतं. दोष त्या पोराचा नाही. संकेत मोजायचं मीटर त्याच्या हातात कोणी दिलं नव्हतं आणि ते वापरायचं शिक्षणही.

सैल कनेक्टर आणि उघडी पडलेली तार हा दुसरा रोग. केबलच्या आत ज्या वारंवारितांवर टीव्ही चालतो, त्यांतल्या काहींवर बाहेर हवेत मोबाइल आणि एफएम चालतात. तारेचं आवरण फाटलं, की बाहेरचं आत शिरतं. म्हणून एकाच गल्लीत एका घरी चित्र स्वच्छ आणि दुसऱ्या घरी ठरावीक दोन वाहिन्याच तुटक, असं होतं. ही भुताटकी नाही. कनेक्टर बदलला की काम होतं.

आता पैशाकडे पाहू. अ‍ॅनालॉगमध्ये एका वाहिनीला पूर्ण पट्टा लागायचा, डिजिटलमध्ये त्याच पट्ट्यात दहा-बारा वाहिन्या मावतात. अ‍ॅनालॉगच्या काळात जागा कमी, म्हणून चांगल्या क्रमांकावर दिसण्यासाठी वाहिन्या मोठ्या केबल कंपन्यांना पैसे मोजत. जोडण्या किती, हे नीट कळत नसे, म्हणून करमणूक कर बुडत असे. डिजिटलने हे दोन्ही बरंच सुधारलं. वाहिन्यांना हिशेब मिळाला, सरकारला हिशेब मिळाला. बॉक्सचे पैसे मात्र ग्राहकाने भरले. ज्याने पैसे भरले, त्याला स्वच्छ चित्राची हमी सर्वांत आधी मिळायला हवी होती.

आपल्या दारावरून गेलेला उपग्रह

उशिरा मिळण्याची ही गोष्ट जुनी आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर भारताने अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवला. त्याला ‘साइट’ म्हणत. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र नव्हता. 1977 मध्ये गुलबर्ग्याला मनोराही उभा राहिला. उमरग्याच्या हद्दीला खेटून आळंद तालुका, म्हणजे गुलबर्गा जिल्हाच. त्या काळात आपल्या जिल्ह्याच्या या टोकाला सर्वांत जवळचं टीव्ही केंद्र कन्नड मुलखातलं होतं. उत्तरेला कळंबच्या बाजूला अंबाजोगाईचा उच्चशक्ती मनोरा पुढे झाला, तोही बीड जिल्ह्यातला. दोन्ही टोकांना आपलं घर दुसऱ्याच्या मनोऱ्याच्या काठावर.

गुलबर्ग्याने, म्हणजे आजच्या कलबुर्गीने, 2021 मध्ये आवाज तरी उठवला. तिथलं केंद्र बंद होणार अशा बातम्या आल्या आणि प्रसार भारतीला जाहीर खुलासा करावा लागला. आपल्याकडचे लोकप्रतिनिधी त्या वेळी काय विचारत होते?

छत्रीची मर्यादा

मनोरा नसण्याला उत्तर दिलं जातं ते दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह सेवेचं. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ती सेवा सुरू झाली. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, दरमहा भाडं नाही. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या घरात तिने टीव्ही नेला. तिचं मोल मी कमी करत नाही.

पण तिच्या मर्यादा समजून घ्या. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. धाराशिवमधून छत्रीचं तोंड बरोबर आग्नेयेकडे आणि जमिनीपासून सुमारे 60 अंश वर ठेवावं लागतं. त्या रेषेत शेजाऱ्याचा लिंब किंवा नवी भिंत आली, की सेवा संपली. आणि ती केयू पट्ट्यातली आहे. जोराचा पाऊस या लहरी शोषून घेतो. ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असतो, विजा पडत असतात, गावाला सूचना हवी असते, नेमकं तेव्हाच पडद्यावर ‘नो सिग्नल’. मनोऱ्यावरच्या टीव्हीच्या लहरी यापेक्षा कितीतरी लांब असतात, पाऊस त्यांचं फारसं काही बिघडवत नाही.

दुसरी मर्यादा आणखी महत्त्वाची. उपग्रह एकच संदेश साऱ्या देशावर सोडतो. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, हे फक्त कळंब तालुक्याला सांगायचं काम तो करत नाही. ते काम जिल्ह्यातला मनोरा करतो.

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने प्रसार भारतीसाठी ‘बाइंड’ नावाची 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली. त्यात 8 लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत वाटायचे होते, दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमावर्ती भागांना, आणि आकांक्षित जिल्ह्यांना. नीती आयोगाच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातले चार आकांक्षित जिल्हे आहेत. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. मागास म्हणून आपलं नाव यादीत आहे. मग यादीवरच्या माणसाला त्याचा वाटा दाखवा. कोणत्या तालुक्यात किती बॉक्स आले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

तीस सप्टेंबर आठवा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर हादरलं. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, सास्तूर आपलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. सूचना, अफवा, मदतीची माहिती यांतला फरक अशा वेळी जीव वाचवतो किंवा घेतो. ज्या जिल्ह्याने हे सोसलं, तिथे प्रसारण हा करमणुकीचा विषय मानता येणार नाही.

जपानने 24 जुलै 2011 रोजी अ‍ॅनालॉग टीव्ही बंद केला. पण त्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त केलेले इवाते, मियागी आणि फुकुशिमा हे तीन प्रांत त्यातून वगळले. तिथे जुनं प्रक्षेपण 31 मार्च 2012 पर्यंत चालू ठेवलं. संकटातल्या माणसाच्या घरातला जुना संच चालला पाहिजे, हे सरकारला कळलं होतं.

मोकळी झालेली हवा कुणाची?

अ‍ॅनालॉग गेलं की हवेतली जागा मोकळी होते आणि तिला किंमत येते. टीव्हीच्या जुन्या पट्ट्याचा वरचा तुकडा, म्हणजे 700 मेगाहर्ट्झचा पट्टा, 2022 च्या लिलावात गेला. त्यातल्या 10 मेगाहर्ट्झच्या जोडीसाठी एका कंपनीने देशभर मिळून सुमारे 39,270 कोटी रुपये मोजले. खालच्या पट्ट्यावर आता ‘डायरेक्ट टू मोबाइल’ची योजना आहे. इंटरनेट नसतानाही मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर टीव्ही. आयआयटी कानपूरसोबत त्याचं काम झालं, आणि जानेवारी 2024 मध्ये 19 शहरांत चाचण्यांची घोषणा झाली.

पुन्हा शहरांचीच यादी. हे तंत्र जिथे इंटरनेट कमी पडतं तिथे सर्वांत उपयोगी, म्हणून पहिली चाचणी बालाघाटच्या डोंगराआडच्या गावात व्हायला हवी. चकचकीत शहरात मनोऱ्याच्या पायथ्याशी चालणारं तंत्र वाशी तालुक्यात चालतं का, हे वाशीत लावल्याशिवाय कसं कळणार?

हवा सगळ्यांची आहे. तिच्या विक्रीतून तिजोरी भरते, तर तिचा एक छोटा पट्टा जिल्ह्याच्या कामासाठी राखून ठेवणं हा उपकार नाही.

काय हवं, ते स्पष्ट सांगतो

एक. धाराशिव जिल्ह्यात एक डिजिटल टीव्ही मनोरा हवा. हवामानाचे इशारे, धरणांचे विसर्ग, बाजारभाव, सह्याद्री वाहिनी आणि जिल्ह्याच्या बातम्या एवढं त्यावरून चालवायचं. हे काम दूरदर्शनचं आणि आकाशवाणीचं मिळून आहे. धाराशिवला आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथल्या माणसांना जिल्हा माहीत आहे.

दोन. खासदारांनी लोकसभेत तीन प्रश्न विचारावेत. या जिल्ह्याला दिसणारे मनोरे कोणकोणत्या तारखांना बंद झाले? त्यांची जमीन आणि यंत्रं आज कशासाठी वापरली जातात? बाइंड योजनेतले किती बॉक्स धाराशिवला मिळाले?

तीन. 1995 च्या केबल कायद्याने जिल्हाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी आहेत. त्यांनी वर्षातून एकदा तालुकावार केबलचा दर्जा तपासून घ्यावा. नियंत्रण कक्षात नव्हे, तारेच्या शेवटच्या टोकावरच्या घरात मीटर लावून. आणि केबलवर काम करणाऱ्या मुलांना आयटीआयमध्ये आठवडाभराचं प्रशिक्षण द्यावं.

चार. नवा टीव्ही घेताना छत्री थेट जोडता येईल असा ट्यूनर संचातच आहे का, हे ग्राहकांनी विचारावं. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठीचं मानक काढलेलं आहे. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार ठेवू लागतो.

पाच. टीव्हीचं जे झालं, ते रेडिओचं होऊ देऊ नका. उद्या एफएम डिजिटल करायची वेळ येईल. शेतात खांद्याला अडकवलेला स्वस्त रेडिओ आणि जुन्या मोबाइलमधला एफएम त्या दिवशी मुका होता कामा नये. धाराशिवमध्ये अ‍ॅनालॉग एफएम बंद करण्याआधी डिजिटल रेडिओ त्याच्या जोडीने निदान पाच वर्षं चालला पाहिजे, आणि ही अट धोरणाच्या कागदावर आत्ताच लिहून घेतली पाहिजे. टीव्हीच्या वेळी आपण तिसऱ्या टप्प्यात उभे राहून वाट पाहिली. या वेळी पहिल्याच टप्प्यात उभं राहून विचारायचं: नवं कुठे आहे ते आधी दाखवा.